पाठ सातवा : मोबाइल कंपनीची निवड – आधी रेंज, मग रिचार्ज

या पाठात आपण पाहणार आहोत :
• मोबाइल नंबरचा बँक खात्याशी काय संबंध आहे
• आपल्या घरात आणि रस्त्यावर कोणत्या कंपनीची रेंज खरी आहे, हे कसे तपासावे
• रिचार्जचा खरा खर्च कसा काढावा
• कंपनी बदलताना बँकेचे व्यवहार कसे सांभाळावेत

१. बचतीच्या पुस्तिकेत मोबाइल कशासाठी?

वेस्ट मांबलम आणि आसपासच्या भागात राहणाऱ्या आपल्या मराठी खातेदारांशी बोलताना एक गोष्ट जाणवते. मुदत ठेवीवर पाव टक्का व्याज कुठे जास्त मिळते याची चौकशी सगळे करतात. पण मोबाइल कंपनी मात्र शेजाऱ्याने सांगितली म्हणून, किंवा दुकानदाराने सिम फुकट दिले म्हणून घेतलेली असते. ही निवड खरे तर बँक निवडण्याइतकीच विचाराने करायला हवी.

कारण आज तुमचा मोबाइल नंबर ही तुमच्या खात्याची किल्ली आहे. ओटीपी त्यावर येतो. यूपीआय त्यावर चालते. पैसे काढले गेल्याचा एसएमएस त्यावर येतो. आधारचा ओटीपीही बहुधा त्याच नंबरवर असतो. त्यामुळे घरात रेंज नसणे ही नुसती गैरसोय नसून खात्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न होतो.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात याचा हिशेब स्पष्ट आहे. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा फसवणुकीत खात्यातून पैसे गेले, तर बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमच्यावर जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास साध्या बचत खात्यासाठी कमाल १०,००० रुपयांपर्यंत, आणि मूलभूत बचत खात्यासाठी ५,००० रुपयांपर्यंत भार तुमच्यावर येऊ शकतो. त्याहून उशीर झाला, तर बँकेच्या धोरणानुसार. म्हणजे एसएमएस वेळेवर पोहोचणे आणि तो वाचणे याला रुपयांत मोजता येणारी किंमत आहे. महिन्याला वीस रुपये वाचवण्यासाठी घरात रेंज नसलेली कंपनी घेतली, तर ती बचत महागात पडू शकते.

२. एअरसेलचा धडा

चेन्नईत राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. एअरसेल ही तामिळनाडूतून १९९९ मध्ये सुरू झालेली कंपनी. चेन्नई सुपर किंग्जच्या जर्सीवर तिचे नाव झळकत असे. तिचे दर परवडणारे होते आणि या राज्यात ग्राहकही भरपूर होते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर दरांची चढाओढ लागली आणि कर्जाखाली असलेल्या कंपन्यांना ती झेपली नाही. जानेवारी २०१८ च्या अखेरीस एअरसेलने महाराष्ट्र, गुजरात यांसह सहा विभागांतली सेवा बंद केली. फेब्रुवारीत तामिळनाडूतले टॉवर मोठ्या संख्येने बंद पडले आणि त्याच महिन्याच्या शेवटी कंपनीने दिवाळखोरीच्या प्रक्रियेसाठी अर्ज केला.

ग्राहकांची खरी कोंडी कुठे झाली ते पाहा. नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायचा, तर आधी एसएमएस पाठवून पोर्टिंग कोड मिळवावा लागतो. पण फोनला रेंजच नाही, तर एसएमएस जाणार कसा? दुकानांसमोर रांगा लागल्या. शेवटी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ट्रायला, कोड मिळण्याची वेगळी व्यवस्था करायला लावावी लागली आणि १५ एप्रिल २०१८ पर्यंत मुदत द्यावी लागली. ज्यांचा तोच नंबर बँकेत आणि आधारला जोडलेला होता, त्यांची धावपळ सर्वांत मोठी.

यातून तीन गोष्टी शिकायच्या.

पहिली : रिचार्ज ही ठेव नाही. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. मोबाइल कंपनीला आगाऊ दिलेल्या पैशाला असे कोणतेही संरक्षण नाही.

दुसरी : लक्षणे दिसताच हला. दुकानदार रिचार्ज विकायला नाखूश आहे, इतर कंपन्यांचे फोन लागत नाहीत, रेंज दिवसेंदिवस कमी होते आहे, असे दिसले तर रेंज शिल्लक आहे तोवरच नंबर बदलून घ्या.

तिसरी : सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नका असे आपण गुंतवणुकीत सांगतो, तेच इथेही लागू आहे. त्याबद्दल पाचव्या भागात पाहू.

३. रेंज कशी तपासावी?

जाहिरातीतले ‘देशभर सर्वांत मोठे नेटवर्क’ तुमच्या काही कामाचे नाही. तुम्हाला हवे ते नेटवर्क तुमच्या स्वयंपाकघरात, तुमच्या दुकानात आणि तुमच्या रोजच्या वाटेवर. वेस्ट मांबलममध्ये इमारती एकमेकींना खेटून आहेत. तळमजल्यावरच्या आतल्या खोलीत एका कंपनीची रेंज येते आणि दुसरीची येत नाही, हे नेहमीचे. कमी वारंवारतेच्या लहरी, उदाहरणार्थ ९०० मेगाहर्ट्झच्या, भिंतींतून जास्त आत शिरतात. जास्त वारंवारतेच्या लहरी वेग चांगला देतात, पण भिंतींपुढे लवकर दमतात. त्यामुळे गच्चीवर उत्तम चालणारे सिम देवघरात गप्प बसू शकते.

आधी कागदावरची चौकशी करा. सेवेच्या दर्जाबद्दलच्या ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीने आपल्या संकेतस्थळावर रेंजचा नकाशा देणे बंधनकारक आहे. तो उघडून आपली गल्ली पाहा. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर आपल्या जवळचे टॉवर दिसतात. पण नकाशा रस्त्यावरचे सांगतो, घरातले सांगत नाही. म्हणून पुढची चाचणी स्वतःच करायची.

ज्या कंपनीचा विचार आहे, तिचे सिम असलेल्या नातेवाइकाला किंवा शेजाऱ्याला तासभर घरी चहाला बोलवा, किंवा लहान मुदतीचा पॅक घालून नवे सिम दुसऱ्या खाचेत वापरून पाहा. मग पुढील ठिकाणी तपासा :

• घरातली सर्वांत आतली खोली
• जिना आणि लिफ्टजवळची जागा
• आर्य गौडा रोड किंवा लेक व्ह्यू रोडवरचे तुमचे नेहमीचे दुकान
• दुरैसामी सबवेची दोन्ही टोके
• मांबलम स्टेशन आणि पलीकडची रंगनाथन स्ट्रीट
• कामाची जागा किंवा मुलांची शाळा
• वर्षातून जिथे जाता ते गाव – तंजावर असो, पुणे असो की कोल्हापूर

प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी करा. एक फोन लावा आणि दोन मिनिटे बोला. एक एसएमएस मागवा आणि तो किती सेकंदांत येतो ते पाहा. नव्या सिमवर यूपीआय सुरू करू नका. त्याच सिमच्या इंटरनेटवर बँकेचे किंवा बातम्यांचे पान उघडते का, एवढे पाहा. हीच चाचणी सकाळी एकदा आणि संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान एकदा करा.

संध्याकाळी का? फोनवरच्या दांड्या टॉवरचा आवाज किती मोठा येतो आहे तेवढेच सांगतात. टॉवरसमोर किती गर्दी आहे ते सांगत नाहीत. दिवाळीच्या आधी रंगनाथन स्ट्रीटवर उभे राहा. दांड्या पूर्ण असतात आणि पैसे पाठवताना चक्र फिरत राहते. तिथे रेंज आहे, पण जागा नाही.

फोन कोणता आहे तेही पाहा. जिओचे नेटवर्क फोर-जी आणि फाइव्ह-जीवरच चालते. आजीकडे जुना टू-जी बटणांचा फोन असेल, तर जिओचे सिम त्यात चालणार नाही. नव्या फोनचा खर्च मग त्या ‘स्वस्त’ पॅकमध्ये मिळवायला हवा. घरात ब्रॉडबँड असेल आणि फक्त आतल्या खोलीतच अडचण असेल, तर वाय-फाय कॉलिंग चालते का ते पाहा. तेवढ्यावर काम भागले, तर कंपनी बदलण्याची गरजच नाही.

४. खर्च कसा काढावा?

दर बदलत असतात. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढवले, हे तुम्हाला आठवत असेल. म्हणून इथे कोणत्याही कंपनीचा दर न देता हिशेबाची पद्धत देत आहोत. खालचे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत.

नियम एकच : रिचार्जची रक्कम भागिले दिवस. हा झाला रोजचा खर्च. त्याला ३६५ ने गुणले की वर्षाचा खर्च.

पॅक क : २८ दिवस, २१० रुपये. रोज ७.५० रुपये. वर्षाला २,७३७.५० रुपये.
पॅक ख : ३० दिवस, २१९ रुपये. रोज ७.३० रुपये. वर्षाला २,६६४.५० रुपये.
पॅक ग : ८४ दिवस, ५४६ रुपये. रोज ६.५० रुपये. वर्षाला २,३७२.५० रुपये.
पॅक घ : ३६५ दिवस, फक्त कॉल आणि एसएमएस, १,८२५ रुपये. रोज ५ रुपये.

क हा पॅक ख पेक्षा नऊ रुपयांनी स्वस्त दिसतो, पण प्रत्यक्षात महाग आहे. २८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज. पगार आणि पेन्शन मात्र बाराच वेळा येते. ट्रायने २०२२ मध्ये केलेल्या नियमानुसार प्रत्येक कंपनीकडे ३० दिवसांचा किमान एक पॅक आणि दर महिन्याला त्याच तारखेला संपणारा किमान एक पॅक असायलाच हवा. दुकानदार आपणहून तो दाखवत नाही. तुम्ही नाव घेऊन मागा. महिन्याचे अंदाजपत्रक करणाऱ्याला तोच सोयीचा.

क ऐवजी ग घेतला, तर वर्षाला ३६५ रुपये वाचतात. घरात चार सिम असतील, तर १,४६० रुपये. या रकमेत वर्षभराचे एखादे छोटे अपघात विम्याचे हप्ते सहज निघतात.

आता घ कडे पाहा. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम दुरुस्त करून कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणे बंधनकारक केले आणि अशा पॅकची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवसांवर नेली. ज्या ज्येष्ठांना इंटरनेट लागत नाही, किंवा घरातल्या वाय-फायवर भागते, त्यांनी रोजच्या डेटाचे पैसे का भरायचे? गेल्या महिन्यात किती डेटा वापरला ते फोनच्या सेटिंगमध्ये दिसते. रोज दीड जीबीचे पैसे भरून पाव जीबी वापरणारे पुष्कळ असतात.

मग सगळ्यांनी थेट वर्षाचा पॅक घ्यावा का? इथे थांबा. नंबर दुसऱ्या कंपनीत नेला, की जुन्या कंपनीतली शिल्लक आणि उरलेली मुदत बुडते. समजा घ पॅक घेतला आणि ९१ दिवसांनी लक्षात आले की घरात रेंज नाही. तोवर ४५५ रुपयांची सेवा मिळाली, उरलेले १,३७० रुपये गेले. म्हणून क्रम असा ठेवा : नव्या कंपनीत पहिला महिना लहान पॅक, जरी रोजचा दर जास्त असला तरी. ती चाचणीची फी समजा. समाधान झाले की मग लांब मुदतीचा पॅक.

५. दुसरे सिम : केव्हा, किती खर्चात?

डिसेंबर २०१५ च्या पुरात चेन्नईतल्या अनेक भागांत वीज गेली आणि मोबाइल सेवा कोलमडली. वेस्ट मांबलमच्या गल्ल्यांतही पाणी शिरले होते. एटीएमही चालत नव्हती. अशा दिवशी एकाच कंपनीवर विसंबलेले घर एकदम मुके होते.

म्हणून घरातल्या सगळ्यांची सिम एकाच कंपनीची नसावीत. नवऱ्याचे एका कंपनीचे, बायकोचे दुसरीचे, एवढे केले तरी पुरे. त्यासाठी जास्तीचा खर्चही नाही. मात्र हा उपाय पूर्ण नाही. पुष्कळदा दोन कंपन्यांची उपकरणे एकाच टॉवरवर असतात. टॉवरची वीज गेली, तर दोन्ही बंद. त्यामुळे पावसाळ्यात घरात दोन-तीन दिवसांपुरती रोख रक्कम ठेवणे चांगले. इंटरनेट नसेल पण साधी रेंज असेल, तर *९९# या सेवेतून यूपीआयने पैसे पाठवता येतात. ती आधीच सुरू करून एकदा वापरून ठेवा.

दुसरे सिम कपाटात ठेवून विसरू नका. ट्रायच्या नियमांनुसार प्रीपेड नंबर ९० दिवस काहीच वापर नसेल तर बंद होऊ शकतो. खात्यात २० रुपये किंवा अधिक शिल्लक असेल, तर त्यातून रक्कम वळती करून मुदत वाढवली जाते. कायमचा बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्याच कुणाला दिला जाऊ शकतो. तोच नंबर तुमच्या बँकेत नोंदलेला राहिला असेल, तर तुमच्या खात्याचे निरोप अनोळखी माणसाच्या हातात जातील. जो नंबर सोडायचा, तो आधी बँकेतून आणि आधारमधून बदलून घ्या, आणि मगच सोडा.

६. कंपनी बदलताना

नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. ३ जुलै २०१५ पासून राज्य बदलले तरी नंबर तोच ठेवता येतो. म्हणजे मुंबईचा नंबर घेऊन चेन्नईत आलेल्यांना तो सोडण्याची गरज नाही.

पायऱ्या अशा :
१) ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजीत, पुढे जागा सोडून आपला दहा अंकी नंबर लिहा आणि १९०० या क्रमांकावर एसएमएस करा. पॅकमध्ये एसएमएस नसला तरी हा एसएमएस जाऊ देणे कंपन्यांना बंधनकारक आहे.
२) आलेला कोड बहुतेक राज्यांत चार दिवस चालतो. तो आणि ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा.
३) राज्यातल्या राज्यात तीन, आणि राज्याबाहेर पाच कामकाजाचे दिवस लागतात.

कोड मिळण्यासाठी सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले असावेत, पोस्टपेड बिल थकलेले नसावे, आणि गेल्या सात दिवसांत सिम बदललेले नसावे. ९० दिवसांच्या अटीमुळे घाईतला निर्णय तीन महिने निस्तरावा लागतो. चाचणी आधी करा असे म्हणतो ते यासाठीच.

बँकेच्या बाजूने चार काळज्या घ्या :
• नंबर तोच असल्याने बँकेला कळवण्याची गरज नाही. पण नवे सिम घातल्यावर यूपीआय ॲपमध्ये पुन्हा पडताळणी करावी लागते.
• बदल होताना काही तास सेवा बंद असते. हरवलेले किंवा खराब सिम बदलून घेतले, तर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात. म्हणून हप्त्याच्या, फी भरण्याच्या किंवा प्रवासाच्या दिवशी हे काम काढू नका.
• पोर्टिंग कोड कुणालाही फोनवर सांगू नका. तो ज्याच्या हाती, त्याच्या हाती नंबर जाऊ शकतो. ‘दोन तासांत तुमचा नंबर बंद होणार’ असा फोन ट्राय करत नाही.
• आपण काही केले नसताना रेंज अचानक पूर्ण गेली आणि बराच वेळ परतली नाही, तर दुसऱ्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला लगेच कळवा. पैसे गेले असतील, तर १९३० वर तक्रार करा.

७. सिम कुणाच्या नावावर?

आईचे सिम मुलाच्या नावावर, मुलाचे मामाच्या नावावर, असे अनेक घरांत आढळते. मुलगा परदेशी गेला आणि आईचा फोन हरवला, तर नवे सिम मिळवताना अडते, कारण कंपनीच्या लेखी ग्राहक मुलगा आहे. बँकेत नोंदलेला नंबर खातेदाराच्या स्वतःच्या नावावरच असावा. तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत, हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर ओटीपी देऊन पाहता येते. ओळखीचा नसलेला नंबर दिसला, तर तिथेच कळवता येतो.

८. तक्रार कुठे करावी?

आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात, १९८ या क्रमांकावर. तक्रार क्रमांक लिहून घ्या. समाधान झाले नाही, तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. त्यांनी ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तसा निकाल दिला आहे. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही.

लक्षात ठेवा
• नंबर ही खात्याची किल्ली आहे. किल्ली घरात चालली पाहिजे.
• आधी सात ठिकाणी रेंज, मग रोजचा खर्च, मग मुदत.
• पहिला महिना लहान पॅक, समाधान झाल्यावर लांब पॅक.
• घरात किमान दोन कंपन्यांची सिम ठेवा.
• नंबर सोडण्याआधी बँक आणि आधारमधली नोंद बदला.

स्वाध्याय
१) घरातल्या प्रत्येक सिमसाठी लिहा : कुणाच्या नावावर, कोणत्या बँकेत नोंद, शेवटचा रिचार्ज किती रुपयांचा, किती दिवसांचा. रोजचा आणि वर्षाचा खर्च काढा.
२) एका कंपनीचा ५६ दिवसांचा पॅक ३९२ रुपयांना आहे आणि दुसरीचा ३० दिवसांचा २०४ रुपयांना. रोजचा खर्च कुठे कमी? (उत्तर : पहिलीचा ७.०० रुपये, दुसरीचा ६.८० रुपये, म्हणून दुसरीचा.) आता सांगा : दुसरीची रेंज तुमच्या आतल्या खोलीत येत नसेल, तर रोजच्या वीस पैशांसाठी तुम्ही ती घ्याल का?
३) या आठवड्यात एका संध्याकाळी आपल्या घराच्या सर्वांत आतल्या खोलीत बसून बँकेचा एक ओटीपी मागवा. तो यायला किती सेकंद लागले, ते पासबुकच्या मागच्या पानावर तारखेसह लिहा.